सात हिस्सेदार आणि १४२८५७

गुहागरला आमची हापूसची बाग आहे, म्हणजे आमची एकट्याची नाही, सातबाऱ्यावर सात नावं आणि सातही जण ठणठणीत, त्यामुळे हिशोब निघाला की पडवीत आवाज चढणारच. यंदा बाग कराराने दिली, तीन वर्षांचे दहा लाख आले. काकांनी कॅल्क्युलेटरवर सातने भागलं, १४२८५७ आणि वर काही पैसे. आत्याने आपला वाटा काकांनाच दिलाय म्हणून त्यांचे दोन वाटे काढले तर २८५७१४. काका म्हणाले, "अरे तेच आकडे परत आले, मशीन बिघडलंय."

मशीन ठीक होतं, नंबरच तसा आहे. तिप्पट करा ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५, सहापट ८५७१४२. तेच सहा अंक, क्रमही तोच, फक्त सुरुवात वेगळीकडून.

आता हे का होतं ते शाळेतल्या भागाकारात दिसतं, पेन घेऊन करून बघाच. १ ला ७ ने भागायचं, शून्य लावून झाले १०, सात एके सात, बाकी ३. मग ३०, सात चोक अठ्ठावीस, बाकी २. मग २०, सात दुणे चौदा, बाकी ६. असं करत बाकी येते ४, मग ५, आणि परत १, की सगळं पहिल्यापासून. सातने भागताना बाकी १ ते ६ च उरू शकते आणि इथे सहाच्या सहा येऊन जातात. शिमग्यात पालखी वाडीतली सगळी घरं घेऊन परत पहिल्या दारात यावी तसं. २ ला भागायला घेतलं तर तीच फेरी फक्त मधल्या घरापासून सुरू होते.

सगळ्या मूळ संख्यांना हे जमत नाही हां. १३ ची पालखी बारापैकी सहाच घरं फिरून परत येते. १७ ला मात्र जमतं, तिथे सोळा अंकी चक्र मिळतं, ०५८८२३५२९४११७६४७, पुढचं शून्य धरून. अशा मूळ संख्या अनंत आहेत असा अंदाज एमिल आर्टिननी १९२७ मध्ये केला, तो अजून कोणी पूर्ण सिद्ध केलेला नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गंमत, १४२८५७ चा वर्ग करा, २०४०८१२२४४९. तोडून बेरीज करा, २०४०८ अधिक १२२४४९, परत १४२८५७! अशा नंबरांना कापरेकर संख्या म्हणतात, ४५ पण त्यातलाच, वर्ग २०२५, वीस नि पंचवीस पंचेचाळीस. द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते पण जन्म १९०५ चा, डहाणूचा, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचे.

शेवटी वरचे पैसे सोडून गोल वाटे करायचं ठरलं. सात गुणिले १४२८५७ म्हणजे ९९९९९९, एक रुपया उरला. त्या रुपयावरून अजून अर्धा तास गेला.