शेअर केलेलं गुपित एजंटकडून डिलीट करून घेताना

पासवर्ड किंवा गोपनीय फाइल चॅटमध्ये टाकली की ती तिथेच पडून राहते. म्हणून पासवर्ड मॅनेजरमध्ये ठरावीक मुदतीची लिंक पाठवायची सोय असते. बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये तिला ‘सेंड’ म्हणतात. आता एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम इतर साधनं वापरून स्वतः करणाऱ्या एआयला, ‘ती लिंक डिलीट कर’ एवढं सांगूनही काम होतं. पण त्या एका आज्ञेने काय पुसलं जातं आणि काय मागे उरतं, हे माहीत असायला हवं.

सेंड तयार करताना मजकूर तुमच्याच यंत्रावर कूटबद्ध होतो. सर्व्हरवर जातो तो फक्त न वाचता येणारा गठ्ठा. तो उलगडायची किल्ली लिंकमध्ये, # या चिन्हानंतरच्या भागात असते आणि # च्या पुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. म्हणजे सर्व्हरकडे गठ्ठा आहे पण किल्ली नाही, आणि लिंक मिळालेल्याकडे किल्ली आहे पण गठ्ठा नाही. डिलीट केल्यावर सर्व्हरवरचा गठ्ठा जातो. जुन्या चॅटमध्ये लिंक तशीच राहिली तरी मग तिच्याने काहीच उघडत नाही. व्हॉल्टमधली, म्हणजे पासवर्डच्या तिजोरीतली, साधी नोंद डिलीट केली तर ती ३० दिवस ट्रॅशमध्ये राहते. सेंडला ट्रॅश नाही, तो गेला की गेला.

मुदत संपणं मात्र वेगळं. एक्स्पायरी उलटली किंवा उघडण्याची कमाल संख्या भरली की लिंक बंद पडते, पण सेंड तुमच्या यादीत डिलीशनच्या तारखेपर्यंत राहतो. ही तारीख मुद्दाम बदलली नाही तर ७ दिवसांनंतरची असते आणि जास्तीत जास्त ३१ दिवसांपर्यंत नेता येते. तोवर थांबायचं नसेल तर हाताने डिलीट करावं लागतं, आणि इथेच एजंट कामाला येतो.

एजंट आणि बाहेरची साधनं जोडण्यासाठी एमसीपी नावाची पद्धत अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली. बिटवॉर्डनचा एमसीपी सर्व्हर, म्हणजे ही जोडणी करणारा प्रोग्राम, तुमच्याच संगणकावर चालतो आणि सेंडच्या कामांसाठी टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून चालवायचं ‘बीडब्ल्यू’ (bw) हे साधन वापरतो. ‘बीडब्ल्यू अनलॉक’ केल्यावर एक सेशन की, म्हणजे व्हॉल्ट उघडा ठेवणारी तात्पुरती किल्ली, मिळते, ती एमसीपीच्या सेटिंगमध्ये द्यायची. एजंटला सेंडचा आयडी दिला की तो डिलीटचं साधन वापरतो, आणि अडलं नाही तर काही सेकंदांत काम होतं.

अडतं ते आयडीपाशी. डिलीटसाठी लागणारा आयडी हायफन धरून ३६ अक्षरांचा असतो. लिंकमध्ये दिसतो तो त्याचाच २२ अक्षरी अवतार. तो जसाच्या तसा दिला तर सेंड सापडत नाही. मग सोपं म्हणून एजंटला अख्खी लिंक चिकटवली जाते आणि तिच्याबरोबर किल्लीही त्याच्या हाती जाते. ‘माझे सगळे सेंड दाखव’ असं सांगणं तर त्याहून वाईट. त्या यादीत नुसती नावं नसतात, उलगडलेला मजकूर आणि पूर्ण लिंकही असते. एजंटमागचं मॉडेल दूरच्या सर्व्हरवर चालत असेल, तर एक सेंड पुसायच्या नादात बाकी सगळी चालू गुपितं तिकडे पोहोचतात. यादी स्वतः टर्मिनलमध्ये ‘बीडब्ल्यू सेंड लिस्ट’ने काढा, हव्या त्या सेंडचा आयडी उचला आणि एजंटला तेवढाच द्या. दुसऱ्या यंत्रावर नुकताच केलेला सेंड दिसत नसेल तर आधी ‘बीडब्ल्यू सिंक’ करा.

दुसरा धोका साधनांच्या यादीतच बसलेला आहे. डिलीटच्या शेजारी, सेंड उघडण्यासाठी त्याच्यावर लावलेला पासवर्ड हटवण्याचंही साधन असतं. ‘तो पासवर्ड काढून टाक’ असं मोघम सांगितलं तर एजंट सेंड तसाच ठेवून त्याचं संरक्षण काढू शकतो, आणि लिंक असलेल्या कुणालाही मजकूर उघडा पडतो. म्हणून ‘या आयडीचा सेंड पूर्ण डिलीट कर’ असंच लिहावं. एजंट साधन वापरण्याआधी परवानगी विचारतो तेव्हा साधनाचं नाव आणि आयडीची शेवटची काही अक्षरं ताडून पाहावीत. डिलीटसाठी ‘नेहमी परवानगी द्या’ हा पर्याय कधीच निवडू नये. कारण एजंटने वाचलेल्या एखाद्या ईमेलमध्ये किंवा पानात दडवलेली सूचनाही त्याला भलतीकडे वळवू शकते.

काम झालं की ‘बीडब्ल्यू लॉक’ करा. सेटिंगच्या फाइलमध्ये सेशन की साध्या अक्षरांत पडलेली असते आणि लॉक किंवा लॉगआउट होईपर्यंत तिने व्हॉल्ट वाचता येतो.

सेंड तयार करतानाही एजंटच वापरला असेल, तर मूळ मजकूर त्या संभाषणात आहे. तो इतिहास वेगळा पुसावा लागतो. शिवाय समोरच्याने लिंक उघडून मजकूर कॉपी केला असेल, तर ती प्रत डिलीटच्या आवाक्याबाहेर गेली. सेंड किती वेळा उघडला गेला हा आकडा त्याच्या तपशिलात दिसतो, म्हणून डिलीट करण्याआधी तो पाहून घ्या. शून्य नसेल आणि उघडणारा योग्य माणूसच होता याची खात्री नसेल, तर सेंड डिलीट करून मूळ पासवर्ड लगेच बदला.