सलाईनच्या बाटलीत ताकद किती?

तासगाव-मिरजेकडं द्राक्षबागेत दिवसभर राबून गळाल्यासारखं झालं की माणूस दवाखान्यात जाऊन म्हणतो, “डॉक्टर, एक बाटली लावा, ताकद येऊ दे.” ही समजूत जुनी आहे आणि चुकीची.

साध्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, कॅलरी शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे फार तर १०० कॅलरी. ज्वारीची एक भाकरी याहून जास्त देते, तीही सुई न टोचता. बाटली पिवळी दिसली की लोकांना ती भारी वाटते. बहुधा तो ब जीवनसत्त्वाचा रंग असतो.

मग बरं का वाटतं? पाणी कमी पडलेलं असतं ते भरून निघतं, आणि दोन तास पडून विश्रांती मिळते.

उलटी थांबत नसेल, रक्तदाब घसरला असेल, माणूस ग्लानीत असेल, तर सलाईन लागतंच. तिथं वेळ घालवू नये. पण हृदय किंवा किडनीच्या रुग्णाला विनाकारण दिलेलं पाणी फुफ्फुसात साचून दम लागू शकतो. मधुमेह्याची साखर डेक्स्ट्रोजनं वाढते.

साध्या जुलाबात ओआरएस, म्हणजे पाण्यात विरघळवून प्यायची क्षार-साखरेची पूड, पुरतं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण ओतायचं. अर्धं पाकीट तांब्यात अंदाजानं टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पाजा. उरलेलं २४ तासांनी ओतून द्या.

बाटली लावण्याआधी एवढं विचारा: “यात काय आहे, आणि तोंडानं घेऊन चालेल का?”