९० दिवसांत चार्जशीट नाही म्हणजे केस बंद?

फॉरवर्ड असा फिरतो की पोलिसांनी ९० दिवसांत चार्जशीट (म्हणजे आरोपपत्र) टाकली नाही तर केसच बंद, आरोपी निर्दोष. तसं नाहीये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७ (आधीचं सीआरपीसी १६७) काढून वाचा, मुदतीत तपास संपला नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो एवढंच, आणि तोही आपोआप नाही हं, चार्जशीट यायच्या आत अर्ज करावा लागतो, जामीन भरावा लागतो. केस चालूच राहते, चार्जशीट नंतरही येते. शिवाय ९० दिवस फक्त फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं आणि वरच्या शिक्षेच्या गुन्ह्यांना, बाकीच्यांना ६०. ओळखीतली केस असेल तर चार्जशीट आल्यावर तिचा सीएनआर नंबर (कोर्टातल्या केसचा ओळख क्रमांक) टाकून ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर बघा, जामिनानंतरही केस चालू असल्याचं दिसेल.