हलकं रिव्हॉल्व्हर नवख्याला सोपं असतं का?

अमेरिकेत कपड्याआड शस्त्र बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो: नवख्याने सर्वांत हलकं रिव्हॉल्व्हर घ्यावं, ते चालवायला सोपं.

खिशात ठेवायला सोपं, हे खरंच. म्हणूनच सल्ला पटतो. झाडताना मात्र उलट घडतं. गोळीला जितका संवेग पुढे मिळतो, तितकाच रिव्हॉल्व्हरला मागे मिळतो. .३८ स्पेशल या काडतुसाची १०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला २३० मीटर वेगाने सुटली, असं धरा. ६५० ग्रॅमचं पोलादी रिव्हॉल्व्हर सेकंदाला ३.६ मीटर वेगाने मागे येईल, ४२० ग्रॅमचं ॲल्युमिनियमचं ५.६ मीटरने. धक्क्याची ऊर्जा दीडपटीहून जास्त! दारूच्या वायूंचा धक्का वेगळाच. हलकं रिव्हॉल्व्हर .३५७चं असेल आणि त्यात .३५७ मॅग्नम हे जास्त जोरदार काडतूस भरलं, तर हात इतका दुखतो की सराव सुटतो, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. फारच हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर झटक्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकून सिलिंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता भाग, अडकू शकतो.

पडताळणी सोपी आहे. तिथल्या अनेक शूटिंग रेंजवर शस्त्रं भाड्याने मिळतात. प्रशिक्षकासमोर जड आणि हलक्या दोन्ही रिव्हॉल्व्हरमधून एकाच प्रकारचं काडतूस झाडा आणि लक्ष्यावरची भोकं बघा. .३५७च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं. उलट कधीच करू नका.