कोंबांसाठी वेत : रोप लावण्याआधी एवढे वाचा

वेत म्हटले की खुर्ची नाहीतर टोपली आठवते. आमच्या पिशवीतले रोप खाण्याच्या वेताचे, कॅलॅमस टेन्युइस. आसामात याच्या कोंबाला बेतगाज म्हणतात. लाओस आणि थायलंडमध्ये तो खास कोंबांसाठी लावतात.

वेत चढतो वेलासारखा, पण कूळ ताडा-माडाचे. खोडाला वाढीचा शेंडा एकच. कोंब कापला की ते खोड संपले, पुढचे पीक बुंध्यातल्या फुटव्यांवर. म्हणून बेट करणारी जातच घ्यावी. फर्निचरसाठी नावाजलेला कॅलॅमस मनान एकाच खोडाचा. त्याचा कोंब काढला तर झाडच गेले.

बी मागणाऱ्यांनाही आम्ही रोपच सुचवतो. फळाच्या खवलेदार सालीखालचा गर धुऊन बी ओले असतानाच पेरावे लागते. उन्हात वाळवून डब्यात भरलेले बी मरते, आणि ताज्यालाही उगवायला महिने लागू शकतात.

पावसाच्या सुरुवातीला लावा. ओळींत 2 मीटर, रोपांत 1 मीटर. खड्डा 30 सेंमीचा, त्यात माती आणि चांगले कुजलेले खत. सुरुवातीला विरळ सावली, मूळ धरले की ऊन. गर्द झाडीखाली वेत उजेडासाठी नुसता उंच पळतो आणि फुटवे कमी धरतो. ओलसर जमीन त्याला मानवते. माती सुकली की फुटवे थांबतात. आधार नको, कारण चढायच्या आतच कापायचा.

साधारण दीड वर्षाने पहिली काढणी. मीटरभर उंचीचा कोंब धारदार कोयत्याने जमिनीलगत तोडा, पण बेटात तीन-चार पानेदार खोडे राहू द्या. सगळेच कापले तर बेट खंगते. कातडी हातमोजे हवेतच. पानांच्या देठाशी आकड्यांचा लांब चाबूक असतो. त्यात बाही अडकली तर ओढू नका, आकडे मागे वळलेले असल्याने आणखी रुततात. हात थोडा पुढे सरकवून सोडवा.

काटेरी आवरणाला उभी चीर देऊन पांढरा गाभा काढा आणि लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळवंडतो. शेंड्याकडून चिरत या. सुरी अडली की खालचा भाग चोथट, तो सोडून द्या. चव कडवट असते. 10–15 मिनिटे उकळून पाणी फेकले की कडूपणा उतरतो. तरी फार लागला तर पाणी बदलून आणखी एक उकळी द्या. आवरणासकट निखाऱ्यावर भाजायचा असेल तर सोलणे नंतर, कोंब निवल्यावर.