दोन फिकट ग्रे शेडकार्डावर सारखे, मग खोलीत वेगळे का?

रंगकाम झालं की कितीतरी घरांत एकच तक्रार ऐकू येते, दुकानात तर छान राखाडी होता, मग हा निळा कसा आला, पेंटरने डबाच बदलला असणार! बहुतेक वेळा पेंटरचा काही दोष नसतो. रंग तोच असतो, फरक खोली करते, आणि ती तो कसा करते हे मला फार भारी वाटतं.

फिकट ग्रे म्हणजे नुसतं पांढऱ्यात काळं नाही. दुकानातलं रंग मिसळणारं टिंटिंग मशीन पांढऱ्या बेसमध्ये काळ्याबरोबर थेंब-दोन थेंब निळा नाहीतर यलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड (मातकट पिवळा, मातकट लाल) सोडतं, म्हणून एक ग्रे निळसर होतो आणि दुसरा मातकट. कार्डाच्या इवल्याशा चौकोनात ही झाक नीट कळतच नाही.

आता समजा निळसर ग्रे निळा प्रकाश ७० टक्के परत पाठवतो आणि लाल ६७ टक्के. कार्डावर उजेड एकदाच आपटून डोळ्यात येतो, पण खोलीत समोरच्या भिंतीवर आपटलेला उजेड या भिंतीवर येतो, इथून शेजारच्या भिंतीवर जातो, असं चालूच राहतं. दुसऱ्या उडीला निळा ४९ उरतो आणि लाल ४५, तिसऱ्या उडीला ३४ आणि ३०. दर उडीला लाल अजून मागे पडतो. सगळीकडून एकाच रंगाची बंद खोली धरून या सगळ्या उड्यांची बेरीज केली (कॉलेजातली भूमितीय श्रेढीच आहे ही), तर निळ्याला ०.७०/०.३० म्हणजे २.३३ आणि लालला ०.६७/०.३३ म्हणजे २.०३. कार्डावरचा साडेचार टक्क्यांचा फरक १५ टक्के झाला! खऱ्या खोलीत खिडकी, फरशी, सोफा, पांढरं सीलिंग असतं म्हणून तो इतका वाढत नाही, पण दोन भिंतींच्या कोपऱ्यात बघा, झाक तिथे सगळ्यात जास्त दिसते. आणि गंमत म्हणजे रंग जितका फिकट तितकं हे जास्त होतं, कारण गडद रंगात उजेड दोन उड्यांतच संपतो.

वास्तुवाले दिशेप्रमाणे रंग सांगतात. दिशेने फरक पडतो हे खरंय, पण तो ग्रहांमुळे किंवा ऊर्जेमुळे नाही. उत्तरेच्या खिडकीतून आपल्याकडे बरेच महिने थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो, एवढंच कारण आहे.

मग निवडायचं कसं? मोबाइलच्या स्क्रीनवर तर अजिबात नाही. दोन्ही शेड्सचे छोटे सॅम्पल आणा, दोन रिकामे खोके घ्या आणि त्यांना आतून सगळ्या बाजूंनी दोन-दोन कोट मारा. मग खोक्याची उघडी बाजू खिडकीकडे करून आतल्या कोपऱ्यात बघा, आणि रात्री घरातल्याच एलईडीखाली पुन्हा बघा, कारण ३००० केल्विनचा पिवळसर दिवा आणि ६५०० चा पांढरा दिवा एकाच ग्रेला दोन वेगळे रंग देतात. दोन्ही वेळेला दोन्ही खोके सारखेच दिसले तर डोकं शिणवू नका, त्यातला जो जास्त धुता येतो तो घ्या.