‘प्रतिकारशक्ती जास्त, मग जंतू कशाला लागतील?’
आमच्या परभणीकडं आमवात किंवा ल्युपसच्या (दोन्हींत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते) पेशंटला हमखास ऐकवलं जातं, "तुमची प्रतिकारशक्ती जास्तच झालीय, तुम्हाला जंतू काय करणार!" हे साफ चूक आहे.

ही शक्ती वाढलेली नसते, भरकटलेली असते. राखणदार घरच्यांवरच काठी चालवायला लागला म्हणून चोर थांबतो का? ल्युपसमध्ये तर जंतूंवर खूण करणारी ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनं रक्तात कमी पडू शकतात. मग न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकससारख्या जिवाणूंचं फावतं. त्यात औषधं. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट (हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं बरं का, रोज नाही) ही शक्ती आणखी दाबतात. ‘टीएनएफ’ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणाऱ्या इंजेक्शनांनी अंगात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, म्हणून आधी त्याची तपासणी करतात.

खरी गोम पुढंच आहे: स्टेरॉइड चालू असताना ताप फारसा चढतही नाही. कापूस वेचताना बोंडाचं टोक लागून बोट सुजलं, तर "ताप नाही ना" म्हणत हळद लावून बसू नका, दवाखाना गाठा. स्टेरॉइड मात्र मनानं एकदम बंद करू नका; रक्तदाब कोसळू शकतो. न्यूमोनियाची लस कधी घ्यायची, तेही तिथंच विचारा.